घर सोडून पळत का नाहीत?

भयपट बघताना शेजारी बसलेलं कुणीतरी हमखास विचारतं, "अरे, पण ही माणसं घर सोडून पळत का नाहीत?" दार सताड उघडं आहे, समोर रस्ता दिसतोय, अंगणात गाडी उभी आहे, आणि तरी मंडळी हातात दिवा घेऊन माळ्यावर चढतात. बहुतेक वेळा हा प्रश्न खिल्ली उडवायला विचारला जातो. मला मात्र भयकथेबद्दल विचारावा असा पहिला प्रश्न हाच वाटतो. भूत दिसतं कसं, आलं कुठून, त्याला शांत कसं करायचं, हे सगळं लेखकाला मागाहूनही ठरवता येतं. त्या खोलीत माणसाला कोणी बसवलं, हे मात्र आधी ठरावं लागतं. तिथे उत्तर कच्चं असेल, तर पुढे कितीही रक्त सांडलं तरी वाचकाच्या अंगावर काटा येत नाही.

एखादी गोष्ट पुस्तकातून पडद्यावर जाते, पडद्यावरून खेळात उतरते, तेव्हा तिच्यातलं काय टिकलं आणि काय गळलं हे बघायला मी हाच प्रश्न वापरते. आणि त्यासाठी माझ्या फार जवळची अशी एक गोष्ट आहे. ती अमेरिकेतल्या मेन राज्यात जन्मली, पुण्यात मराठी झाली, नागझिऱ्याच्या जंगलात एका मुलाच्या कानावर पडली आणि शेवटी कोकणातल्या एका वाड्यात जाऊन बसली. अमेरिकन भयकथाकार स्टीफन किंगची 'ग्रामा' ही कथा, तिचं नारायण धारपांनी केलेलं मराठी रूपांतर 'आजी' आणि राही अनिल बर्वेंचा 'तुंबाड' हा चित्रपट.

'ग्रामा' १९८४ साली एका मासिकात छापून आली आणि पुढच्याच वर्षी 'स्केलेटन क्रू' या किंगच्या संग्रहात गेली. कथेचा जीव एवढासा आहे. मोठ्या भावाचा खेळताना पाय मोडतो, आई दवाखान्यात धावते, आणि धाकटा जॉर्ज आजीपाशी एकटा उरतो. आजी आंधळी, अवाढव्य, अंथरुणाला खिळलेली, मधूनच भलतंसलतं बरळणारी. आई निघताना सांगून जाते की आजी उठली तर तिला चहा दे. बस. त्यानंतर पानंच्या पानं काहीही होत नाही. पोरगा स्वयंपाकघरात बसून आतल्या खोलीचा कानोसा घेत राहतो. आजी त्याला काही करेल यापेक्षा आजी हाक मारेल आणि मग आपल्याला आत जावंच लागेल, ही त्याची खरी धास्ती आहे.

किंग अकरा वर्षांचा असताना त्याची आई दोन मुलांना घेऊन मेनमधल्या डरहॅम गावी परतली, ती आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांचं करायला. नवरा केव्हाच घर सोडून गेलेला, हातात पैसा नाही. त्यामुळे 'ग्रामा'मधलं ते आजारी माणसाचं घर, तो वास, हळू आवाजात बोलायची ती सवय, यातलं काही ऐकीव वाटत नाही. आणि माझ्या प्रश्नाचं उत्तरही इथेच मिळतं. जॉर्ज पळून जात नाही, कारण ती त्याची आजी आहे. तिच्याजवळ कुणीतरी थांबायला हवं, आणि घरात दुसरं कुणी नाही.

हे मला पहिल्या वाचनातच कळलं, कारण आमच्याही माजघरात खाटेवर पणजी होती. संध्याकाळी तिला भरवायचं काम माझ्याकडे. स्टीलच्या वाटीत गुरगुट्या भात, वर तूप-मीठ, चमचा अर्धाच भरायचा, तिचे ओठ मिटले की थांबायचं. ती मला तिच्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारायची. कधी कधी माझं मनगट धरायची आणि सोडायची नाही. कातडी कागदासारखी पातळ, पण पकड घट्ट. मी वाटी धरून तशीच बसून राहायचे, बाहेर दिवेलागण झालेली, पोरांचा खेळण्याचा आवाज यायचा. मला भीती वाटते हे कुणाला सांगायची सोय नव्हती. स्वतःच्या पणजीला कोण घाबरतं? तिच्यावर माझी मायाही होती, आणि त्या मायेनेच मला तिथे बसवून ठेवलं होतं. किंगची म्हातारी चेटकीण निघते, आमची पणजी साधी म्हातारी होती. पण वाटी धरून बसलेल्या मुलाला त्या घटकेला हा फरक करता येत नाही.

या कथेवर १९८६ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवरच्या 'ट्वायलाइट झोन' मालिकेत एक भाग झाला, पटकथा हार्लन एलिसनची. २०१४ साली 'मर्सी' नावाचा पूर्ण लांबीचा चित्रपटही आला. दोन्हींची अडचण एकच. पुस्तकात आजीची खोली म्हणजे एक अंधारं दार आहे, आणि त्या दाराशी लेखक आपल्याला हवा तितका वेळ उभं करू शकतो. कॅमेऱ्याला केव्हातरी आत जावंच लागतं, आणि आत गेलं की मेकअप केलेली एक बाई दिसते. 'मर्सी'ने तर घराभोवती आणखी पात्रं, आणखी रहस्यं उभी केली. घरात माणसं वाढली की पोराचं एकटेपण गेलं, आणि त्याच्याबरोबर कथाही गेली. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

'ग्रामा'तली खरी मोलाची जागा वेगळीच आहे. कथेच्या शेवटाकडे आजी मरते, आणि मेलेली आजी नातवाला हाक मारू लागते. तेवढ्यात फोन खणखणतो. दूरच्या गावाहून मावशी घाबऱ्याघुबऱ्या सांगते, तिला झोपायला सांग, हॅस्टरच्या नावाने झोपायला सांग. जॉर्ज ते नाव घेतो. नाव त्याला वाचवत नाही. आई परतते तेव्हा घरात जो मुलगा असतो तो जॉर्जसारखा फक्त दिसतो.

'तुंबाड' पाहिलेल्या कुणालाही इथे थबकायला होईल. १९१८ सालचा वाडा, धुवांधार पाऊस, साखळदंडाने बांधलेली म्हातारी, आणि तिला झोपवायचा एकच उपाय: झोप, नाहीतर हस्तर येईल.

या हस्तरचा माग काढत गेलं की फार मजेदार प्रदेशातून जावं लागतं. अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाने १८९१ साली एका छोट्या कथेत हॅस्टर हा मेंढपाळांचा देव म्हणून आणला. अगदी गरीब, भला देव. कोवळा मेंढपाळ सकाळी उठून त्याची प्रार्थना करतो आणि कळप घेऊन निघतो. १८९५ साली रॉबर्ट चेंबर्सने 'द किंग इन यलो' या संग्रहात ते नाव उचललं. तिथे ते कधी एखाद्या दूरच्या जागेसारखं येतं, तर एका कथेत चक्क ससाणे सांभाळणाऱ्या नोकराचं असतं. त्या संग्रहाच्या मध्यभागी एक नाटक आहे. त्याचा पहिला अंक साधाच, दुसरा वाचणारा वेडा होतो. आपल्याला नाटकातल्या चारदोन ओळी तेवढ्या दिसतात. वाचणारा पुस्तक मिटून ठेवू शकतो, तरी ठेवत नाही. पळून न जाण्याचं हे आणखी एक उत्तर: पुढे काय आहे ते कळल्याशिवाय चैन पडत नाही. २०१४ साली 'ट्रू डिटेक्टिव्ह' या मालिकेच्या पहिल्या पर्वाने हाच पिवळा राजा लुइझियानाच्या दलदलीत नेऊन बसवला, तेव्हा कितीतरी लोकांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं ते पुस्तक शोधून वाचलं.

मधल्या काळात एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथाकाराने १९३१ सालच्या एका कथेत हॅस्टरचा ओझरता उल्लेख केला, आणि त्याच्यामागून ऑगस्ट डर्लेथने त्याला थेट महाभयंकर देवांच्या पंगतीत बसवलं. मेंढपाळांचा देव अशा रीतीने राक्षस झाला. कुणी एकाने ठरवून हे केलेलं नाही. लोककथेत दैवतांचं जे होतं तेच इथे छापील पानांवर झालं.

आणि मग खेळ आले. १९८१ साली केऑसियम या कंपनीने लव्हक्राफ्टच्या कथाविश्वावर बेतलेला सँडी पीटरसनचा 'कॉल ऑफ कथुल्हू' काढला. कागद, पेन्सिल, फासे आणि टेबलाभोवती बसलेली मित्रमंडळी, एवढ्यावर चालणारा खेळ. त्यात प्रत्येक पात्राला ताकद, चपळाई यांच्यासोबत शहाणपणाचेही गुण असतात. अघोरी काही दिसलं की ते घटतात. त्यातला एक नियम मला फार थोर वाटतो. त्या अघोरी विश्वाचं तुमचं ज्ञान जितकं वाढेल, तितकी तुमच्या शहाणपणाची कमाल मर्यादा कायमची खाली येते. म्हणजे रहस्य सोडवायला जुनी पोथी वाचायलाच हवी, आणि वाचली की तुम्ही थोडे अधिक वेडे. चेंबर्सने कथेत जे सांगितलं होतं ते पीटरसनने हिशेबात बसवलं. वाचक ते वाचून शहारतो. खेळाडूला स्वतःच्या हाताने पेन्सिलीने आकडा खोडून नवा लिहावा लागतो.

ही कल्पना पुढे संगणकावरच्या खेळांनी उचलली. २००२ सालच्या 'इटर्नल डार्कनेस'मध्ये पात्राचं भान सुटू लागलं की खेळ थेट तुमच्याशी खेळू लागतो: टीव्हीचा आवाज आपोआप कमी झाल्यासारखं दाखवतो, तुम्ही जपून ठेवलेली प्रगती पुसली जाते आहे असं भासवतो. २०१० साली स्वीडनमधल्या एका छोट्या चमूने 'अ‍ॅम्नेशिया: द डार्क डिसेंट' काढला. त्यात तुमच्या हातात शस्त्रच नाही. कंदील आहे, पण तेल पुरत नाही. अंधारात उभं राहिलात तर भान सुटतं, आणि राक्षसाकडे बघितलंत तरी सुटतं. म्हणजे लपायचं, पण डोळे खाली घालून.

त्या खेळातली एक जागा मी कधीच विसरणार नाही. किल्ल्याच्या तळघरात घोटाभर पाणी साचलंय. पाण्यात काहीतरी आहे, पण ते दिसत नाही. फक्त पाणी उडताना दिसतं, छप छप छप, तुमच्याच दिशेने. पाण्यात लाकडी खोके पडलेत. खोक्यावर उभं राहिलं की ते तुम्हाला गाठू शकत नाही. पुढचा खोका लांब असेल तर तिथे पडलेला मांसाचा तुकडा उचलून दूर भिरकावायचा. ते तिकडे धावतं, खाऊ लागतं, तेवढ्यात उडी मारून पुढचा खोका गाठायचा. मी हेडफोन लावून, खोलीतला दिवा चालू ठेवून हे खेळत होते, आणि खोक्यावर उभी राहून नुसती पाण्याकडे बघत राहिले होते. कुणी मला धरून ठेवलं नव्हतं. कीबोर्डवरचं एक बटण दाबलं की खेळ बंद. तरी मी तुकडा उचलला आणि फेकला.

आता 'तुंबाड'मधली विहीर आठवा. दोर सोडून खाली उतरायचं. खाली लाल, ओलसर, धडधडणारा देवीचा गर्भ, आणि त्यात हस्तर. पिठाचं रिंगण आखून आत बसायचं, कारण पीठ ओलांडणं हस्तरला जमत नाही. कणकेची बाहुली पुढे ठेवायची. भुकेला हस्तर झेपावून ती खाऊ लागतो, त्याच्या लंगोटातून सोन्याच्या मोहरा गळतात, त्या गोळा करायच्या आणि दोर धरून वर यायचं. त्याचा स्पर्श झाला की माणूस मरत नाही, सडत जगत राहतो. सुरक्षित जागा, आमिष, वेळेचा हिशेब, चुकीची शिक्षा आणि पदरात पडणारं थोडंसं सोनं, असं सगळं इथे आहे. भारतीय पडद्यावर इतकी नेमकी नियमांची मांडणी असलेला भयपट मी दुसरा पाहिलेला नाही. पहिल्या वेळी नियम कुणी बोलून दाखवत नाही, आपण ते बघून शिकतो. दुसऱ्या वेळी कुठे चूक होऊ शकते ते आपल्याला ठाऊक असतं, म्हणून जास्त भीती वाटते. चांगला खेळ असाच शिकवतो. चित्रपटाचं पार्श्वसंगीत जेस्पर किडचं आहे, म्हणजे 'हिटमॅन' आणि 'असॅसिन्स क्रीड' या खेळांचं संगीत करणाऱ्या डॅनिश संगीतकाराचं, हे मला नंतर कळलं. विहिरीत उतरतानाची ती घुमणारी, दबलेली लय पुन्हा ऐकली तेव्हा त्याचं नवल वाटलं नाही.

पण नियम हा झाला सांगाडा. त्यावरचं मांस इथलं आहे. पिठाचं रिंगण, कणकेची बाहुली हे ज्याच्या घरात कधी दहीभाताचा उतारा तिठ्यावर नेऊन ठेवला गेलाय, त्याला समजावून सांगावं लागत नाही. अतृप्त असेल त्याला खायला द्यायचं, म्हणजे ते आपल्यापासून दूर राहतं, हा हिशेब आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. बर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हस्तरला नवी जन्मकथा दिली. तो पूर्तीच्या देवीचा पहिला पुत्र. सोनं घेतलं, धान्यही घ्यायला निघाला, तेव्हा बाकीच्या देवांनी त्याला फोडून काढलं. आईने वाचवलं, पण या अटीवर की त्याची कुणी कधी पूजा करणार नाही. त्यामुळे त्याच्या कमरेला सोनं आहे आणि पोटात अन्नाचा कण नाही. बिअर्सचा देव सकाळच्या प्रार्थनेचा धनी होता. हा देव प्रार्थनेतून हाकललेला. एवढ्या दूरच्या टोकांना एकच नाव पोचलंय.

किंग आणि बर्वे यांच्या मधला पूल म्हणजे धारप. नारायण धारप (१९२५–२००८) यांची पुस्तकं आमच्या गावच्या वाचनालयात खाकी कागदाच्या वेष्टनात असायची, पानं हाताळून तेलकट झालेली, आणि कपाटात क्वचितच सापडायची, कारण ती कायम कुणाच्या तरी घरी असत. किंगच्या कथा-कादंबऱ्या त्यांनी वारंवार मराठीत आणल्या. 'लुचाई'मागे 'सालेम्स लॉट' आहे हे आता सर्वांना माहीत आहे. मूळ लेखकाचं ऋण मोकळेपणी सांगायला हवं, याबद्दल माझं मत ठाम आहे. पण रूपांतर ही हमाली आहे असं मानणाऱ्यांशी मी भांडेन. धारपांचा निवेदक बहुतेक वेळा साधा, नोकरदार, हिशेबी माणूस असतो. तो ओरडत नाही, घडलं ते क्रमाने सांगतो. आणि तो घर सोडून का जात नाही? कारण घर वारशाने आलंय. मराठी माणसाला हे उत्तर जितकं पटतं तितकं दुसरं कुठलं पटत नसेल. वाडा पडायला आलाय, सातबाऱ्यावर डझनभर नावं आहेत, कोर्टात दावा लोंबकळतोय, मागच्या खोलीत कुणी जात नाही, पण विकायचं म्हटलं की घरात वाद. तो वाडा अंगाला चिकटलेला असतो. परदेशी कथेतलं भाड्याचं पछाडलेलं घर आपल्याकडे आणायचं तर आधी ते वडिलोपार्जित करावं लागतं, हे धारपांना नेमकं कळलं होतं.

बर्वे यांच्यापर्यंत ही गोष्ट पुस्तकातूनही आली नाही. १९९३ साली नागझिरा अभयारण्यात त्यांच्या एका मित्राने त्यांना धारपांची कथा सांगितली. रानातली रात्र आणि सांगणारा मित्र! मला ही साखळीतली सगळ्यात महत्त्वाची कडी वाटते. छापलेली गोष्ट तोंडी सांगताना माणूस गाळतो, वाढवतो, जिथे ऐकणारा दचकतो तिथे रेंगाळतो. १९९७ साली, अठराव्या वर्षी, बर्वेंनी पहिला खर्डा लिहिला. पुढे सातशे पानांचा स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांची चित्रमालिका, काढला. २०१२ साली चित्रीकरण सुरू झालं, खरा पाऊस हवा म्हणून कितीतरी पावसाळे थांबून ते केलं गेलं, आणि चित्रपट पडद्यावर आला १२ ऑक्टोबर २०१८ रोजी. त्याआधी व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाची सुरुवात त्याने झाली होती. आपल्याकडे तेव्हा चित्रपटगृहांतून तो लवकर उतरला. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला.

नाव मात्र धारपांकडून आलेलं नाही. ते श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या १९८७ सालच्या द्विखंडी कादंबरीवरून घेतलंय. पेंडशांच्या कादंबरीत भूतबाधेचा खेळ नाही. खेड तालुक्यातल्या जगबुडी नदीकाठच्या खोत घराण्याच्या पिढ्यांची ती कहाणी आहे. तरी हे नाव उगाच उसनं घेतलंय असं मला वाटत नाही. खोती म्हणजे दुसऱ्याच्या घामाचं धान्य आपल्या कणगीत. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, आणि कायद्याने ती संपली १९४९ मध्ये. चित्रपटात 'सरकार' म्हणवणाऱ्या मालकाच्या वाड्यात नायक विनायकची आई एका मोहरेच्या आशेवर वर्षानुवर्षं सेवा करते, साखळीतल्या म्हातारीला भरवते, आणि तेही बदनामीचं ओझं डोक्यावर घेऊन. तिला घर सोडून जाता येत नाही, कारण जाण्यासाठी लागणारा पैसा त्या घरातच अडकलाय. किंगची आई माया आणि गरिबी यांच्यामुळे थांबली. ही आई सत्तेमुळे थांबली. एवढा बदल केला आणि मेनची कथा कोकणात रुजली.

आता मूळ प्रसंगाकडे बघा. 'ग्रामा'त भावाचा पाय मोडतो. 'तुंबाड'मध्ये धाकटा भाऊ वरून पडतो, जिवानिशी जातो. दोन्हीकडे आई जखमी मुलापायी दूर, आणि उरलेला मुलगा म्हातारीपाशी एकटा. दोन्हीकडे मुलाच्या ओठांवर तेच नाव. किंगच्या कथेत नाव फसतं आणि मुलगा संपतो. 'तुंबाड'मध्ये नाव काम करतं. म्हातारी झोपते, विनायक वाचतो. आणि माझ्या मते या वाचण्यातच त्याचा घात आहे. त्याला कळलंय की या घरात काहीतरी आहे ज्याला आवरता येतं. आई त्याला नावेतून घेऊन निघते आणि पुन्हा इथे पाऊल ठेवणार नाहीस असं वचन घेते. गोष्ट तिथे संपू शकली असती. पुण्यात शिकला असता, कुठे कारकून झाला असता.

पण १९३३ साली तो स्वतःच्या पायांनी परत येतो. म्हातारी अजून जिवंत आहे, तिच्या देहातून झाड उगवलंय, आत काळीज धडधडतंय. हे दृश्य पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीचे हात धरून बसले होते, आणि भीतीबरोबर मला तिची अपार कीव आली. तिला फक्त सुटका हवी आहे. विनायक तिला खजिन्याचा पत्ता विचारतो. कॅमेऱ्याने खोलीत शिरायलाच हवं हा जो पेच दूरचित्रवाणीवाल्यांना सुटला नव्हता, तो इथे सुटतो, कारण खोलीत जे दिसतं त्यापेक्षा ते बघूनही न ढळणारा माणूस जास्त भयंकर आहे. पंकज कुमार यांच्या छायाचित्रणाचं कौतुक पुष्कळ झालंय, ते योग्यच. मला मात्र त्या प्रसंगात विनायकच्या, म्हणजे सोहम शाहच्या, चेहऱ्यावरचा व्यवहारीपणा आठवतो. बाजारात भाव विचारताना असतो तसा.

आपल्या गावांतून गुप्तधनाच्या गोष्टी अजून जिवंत आहेत. पायाळू माणसाला पुरलेलं धन दिसतं, धनावर राखण असते, राखणीला बळी लागतो. या गोष्टी शेकोटीपाशी ऐकायला रंजक वाटतात, पण त्यापायी माणसांचे, लेकरांचे खरोखर जीव गेलेले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यांनी ज्याच्यासाठी अनेक वर्षं झगडा दिला तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी डिसेंबरात झाला. त्या कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा उल्लेख आहे. म्हणून 'तुंबाड'सारखी गोष्ट अंधश्रद्धा पसरवते असं कुणी म्हणालं की मी थांबून विचार करते, आणि तरी मला ते पटत नाही. या चित्रपटात खजिना खरा आहे, देवही खरा आहे, आणि त्या सोन्याने कुणाचंही भलं होत नाही. मुलाला भुताची भीती घातली की तो मोठेपणी भीती टाकून देतो. बापाच्या डोळ्यांतली हाव त्याला दाखवली, तर ती तो विसरत नाही.

आणि मुलगा इथे आहेच. विनायकचा पांडुरंग. बाप त्याला लहानपणापासून दोरावर चढायला शिकवतो, जसा सुतार पोराच्या हातात रंधा देतो. मोहम्मद समद या बालकलाकाराने पांडुरंगही केलाय आणि भरपूर मेकअपखाली ती म्हातारीही. हे कळल्यावर मला चित्रपट पुन्हा बघावासा वाटला: वारसा घेणारा आणि वारशाखाली गाडली गेलेली, दोघांच्या आत एकच पोर. १९४७ साली वाडा सरकारजमा होणार असं दिसतं, तेव्हा थोड्या मोहरांऐवजी सगळा लंगोटच पळवू, ही कल्पना पांडुरंगची. अनेक बाहुल्या नेल्या की अनेक हस्तर येतात. नियम तोच, पण त्याचा परिणाम कुणी आधी मांडून बघितलेला नसतो. शेवटी सडत चाललेला बाप लंगोट पुढे करतो आणि मुलगा तो घेत नाही.

इथे मला खेळ आठवतो, कारण पडद्यावर हा निर्णय पांडुरंग घेतो आणि आपण सुटकेचा श्वास टाकतो. खेळात तो मला घ्यावा लागला असता. आणि खरं सांगायचं तर, हातात आलेली वस्तू नाकारायला खेळ आपल्याला शिकवतच नाहीत. जे चमकतं ते उचलायचं, पिशवी भरली की जुनं टाकून नवं घ्यायचं, ही बोटांची सवय झालेली असते.

'तुंबाड'चा दुसरा भाग काढण्याची घोषणा झाली आहे. कधीतरी कुणी त्यावर खेळही काढेल. काढणाऱ्याला माझं सांगणं इतकंच, की विहिरीत नवनवे राक्षस भरू नका, हातात तलवार देऊ नका. दोर, दिवा, पीठ आणि कणकेची बाहुली पुरे. वर पुण्याचं घर दाखवा, त्यात बायको दाखवा, चालू शकेल असा एखादा छोटासा धंदा दाखवा, म्हणजे एका मोहरेवर वर्ष कसं निघतं ते खेळाडूला कळेल. आणि दोरावरून वर चढायचं बटण पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत चालू ठेवा. कुठलंही दार बंद करू नका, कुठलीही दरड कोसळवू नका. किती वेळा खाली उतरायचं ते ज्याचं त्याला ठरवू द्या.